झिजेशी झुंजलेला शल्यविशारद : सर जॉन चार्नली

विसाव्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकातील गोष्ट. मँचेस्टरच्या एका अस्थिशल्यविशारदाकडे एक गृहस्थ आले. पॅरिसच्या ज्यूडे बंधूंनी १९४६ पासून प्रचारात आणलेला ॲक्रिलिकचा कृत्रिम गोळा त्यांच्या खुब्यात बसवलेला होता. त्यांची तक्रार वेदनेची नव्हती. जेवणाच्या टेबलाशी बसून ते पुढे वाकले की खुबा करकरत असे, आणि तो आवाज असह्य होऊन त्यांची पत्नी उठून दुसऱ्या खोलीत जात असे.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने या तक्रारीवर स्मित केले असते आणि धीराचे दोन शब्द सांगून रुग्णाला वाटेला लावले असते. जॉन चार्नली यांनी तसे केले नाही. बिजागरी करकरते तेव्हा ती कोरडी पडलेली असते आणि तिच्यातील घर्षण वाढलेले असते. मग माणसाच्या खुब्यात बसवलेला प्लास्टिकचा गोळा करकरत असेल तर तिथेही घर्षण भयंकर असले पाहिजे. आणि घर्षण एवढे असेल तर प्रत्येक पावलागणिक तो गोळा हाडातून उपटला जात असणार. काही काळाने आवाज बंद होतो, पण ते सुचिन्ह नव्हे. गोळा हाडात सैल होऊन भलतीकडेच हलू लागल्याची ती खूण असते. चार्नली यांचे पुढील सारे आयुष्य या एका करकरण्याचा पाठपुरावा करण्यात गेले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील बेरी या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते, आईने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. मुंबईच्या गिरणगावाला लँकेशायर हे नाव परके नाही. इथल्या गिरण्यांनी ज्यांच्याशी स्पर्धा केली आणि ज्यांच्याकडून यंत्रसामग्रीही घेतली, त्या कापड गिरण्यांचा हा मुलूख. तिथली दमट हवा सूत कातण्यास अनुकूल, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. मुंबईच्या दमट हवेचाही गिरण्यांना हाच फायदा झाला. हवेतील ओलाव्याने कारखान्याचे भवितव्य ठरावे, अशा प्रदेशात हा मुलगा वाढला. ओलाव्याशी त्याची खरी गाठ पुढे पडायची होती, तीही अगदी वेगळ्या ठिकाणी.

बेरीच्या ग्रामर स्कूलमधून चार्नली १९२९ मध्ये मँचेस्टरच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. १९३५ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे फेलो झाले. १९४० मध्ये ते लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कच्या माघारीची धामधूम त्यांनी पाहिली आणि नंतर त्यांची रवानगी कैरोला झाली. तेथे जखमी सैनिकांसाठी आधारपट्ट्या आणि उपकरणे बनवणाऱ्या लष्करी कार्यशाळेशी त्यांचा संबंध आला. शल्यविशारदाने कारागिराशी त्याच्या भाषेत बोलावे, लेथवर स्वतः हात चालवावा, हे वळण त्यांना इथेच लागले. ते अखेरपर्यंत सुटले नाही.

युद्ध संपल्यावर ऑस्वेस्ट्रीच्या अस्थिरुग्णालयात काम करत असताना त्यांनी एक धाडस केले. हाडाचे कलम कसे रुजते याचे कुतूहल त्यांना होते. त्यासाठी त्यांनी सहकाऱ्याकडून स्वतःच्या नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करवून घेतली. जखम चिघळली, हाडात जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. शहाण्या माणसाने एवढ्यावरून धडा घेतला असता. चार्नली यांनी तो घेतला नाही, हे पुढे दिसेल.

१९४७ मध्ये ते मँचेस्टर रॉयल इन्फर्मरीत सल्लागार शल्यविशारद झाले. मोडलेली हाडे न कापता कशी सांधावीत यावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला आणि अस्थितज्ज्ञांच्या पिढ्यांनी तो वापरला. केवळ तेवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण मन खुब्यात गुंतले होते. १९५७ मध्ये, वयाच्या सेहेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी विवाह केला. त्याच सुमारास विगन शहराजवळच्या राइटिंग्टन येथील जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी आपले बस्तान हलवायला सुरुवात केली. नव्या औषधांमुळे क्षयरोग्यांच्या खाटा रिकाम्या होत होत्या. त्या चार्नली यांनी संधिवाताने जखडलेल्या माणसांसाठी मागून घेतल्या. शेजारीच एक छोटी कार्यशाळा उभी राहिली. तिथे हॅरी क्रेव्हन हा तंत्रज्ञ आला. या कथेत त्याचे नाव डॉक्टरांच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. साधे चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो आणि हिंडत्याफिरत्या माणसाचा एकेक खुबा वर्षाला दहा लाखांच्या आसपास हेलकावे खातो. एवढे असूनही निरोगी सांधा सत्तर-ऐंशी वर्षे बिनतक्रार चालतो. चार्नली यांनी प्राण्यांचे आणि माणसांचे सांधे प्रयोगशाळेत तपासले तेव्हा त्यांचा घर्षणांक ०.०१ च्या आसपास निघाला. बर्फावर सरकणाऱ्या स्केटचे घर्षणही याहून अधिक असते.

सांध्यातील चिकट द्रव दोन पृष्ठभागांमध्ये तेलासारखा थर धरतो आणि त्यामुळे सांधा सरकतो, असे त्या काळी मानले जात होते. चार्नली यांना ते पटले नाही. द्रव पुसून काढला तरी कूर्चा निसरडीच राहते, हे त्यांनी पाहिले. निसरडेपणा मुख्यतः कूर्चेचा आहे, द्रवाचा नव्हे. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की धातू किंवा ॲक्रिलिक सांध्यात बसवल्यास शरीरातील द्रव त्याला वंगण पुरवणार नाही. म्हणजे ज्याला वंगण लागतच नाही असा पदार्थ शोधला पाहिजे. १९५९ मध्ये लंडनच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांनी ही मीमांसा मांडली. शरीरातील ओलावा मदतीला येणार नाही हे त्यांनी अचूक हेरले होते. तो ओलावा उलटूही शकतो, हे मात्र तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

वंगण न लागणारा पदार्थ समोरच होता. १९३८ मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट यांच्या प्रयोगशाळेत वायूच्या टाकीत अपघाताने तयार झालेली पांढरी भुकटी, पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलिन, जी आज टेफ्लॉन या नावाने घरोघरी माहीत आहे. रसायनांना ती दाद देत नाही आणि तिच्याइतके कमी घर्षण असलेले घन पदार्थ मोजकेच. चार्नली यांना ही देणगीच वाटली असल्यास नवल नाही.

सुरुवातीला त्यांनी हाडाच्या माथ्यावर टेफ्लॉनची टोपी आणि वाटीत टेफ्लॉनचे अस्तर अशी रचना केली. टोपीखालच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते मरू लागले. मग त्यांनी माथाच काढून टाकला आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची दांडी बसवली; तिच्या टोकाला पोलादी गोळा आणि समोर टेफ्लॉनची वाटी. दांडी पक्की बसवण्यासाठी मँचेस्टरच्या दंतवैद्यक विद्यालयातील रसायनतज्ज्ञ डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने त्यांनी कवळ्या बनवण्याचे ॲक्रिलिक सिमेंटसारखे वापरले. त्याहून धाडसाचा होता तो गोळ्याचा आकार. नैसर्गिक माथ्याएवढा, चाळीस मिलिमीटरच्या वरचा गोळा वापरण्याची तेव्हाची रीत. चार्नली यांनी तो टप्प्याटप्प्याने २२.२२५ मिलिमीटरवर, म्हणजे सातअष्टमांश इंचावर आणला. घर्षणाचे बल तेच राहिले तरी वाटीला पडणारा पीळ गोळ्याच्या त्रिज्येबरोबर घटतो, आणि गोळा लहान असला की वाटीची भिंत जाड ठेवता येते, हे साधे अभियांत्रिकी गणित त्यामागे होते. दिसायला मात्र तो सांधा विजोडच. अनेक समव्यवसायिकांनी नाके मुरडली.

निकाल चमत्कार वाटावा असा आला. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे वेदनेविना चालू लागली. टेफ्लॉनच्या वाट्या सुरुवातीस चार्नली घरच्या कार्यशाळेतील लेथवर स्वतः कातत. मे १९६१ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि या नव्या शस्त्रक्रियेची वार्ता जगभर पोहोचली. त्याच वर्षी राइटिंग्टन येथे खुब्याच्या शस्त्रक्रियेचे स्वतंत्र केंद्र सुरू झाले. सुमारे तीनशे रुग्णांच्या खुब्यात तोवर टेफ्लॉन गेले होते किंवा जाणार होते.

आणि मग क्ष-किरणांच्या चित्रांत गोळा जागा सोडताना दिसू लागला.

तो वाटीच्या मध्यावर असायला हवा होता. वर सरकत वाटी पोखरत चालला होता. हे एखाद्या दुसऱ्या रुग्णात नव्हते. वर्षाकाठी मिलिमीटरच्या मापाने टेफ्लॉन झिजत होते आणि दोन-तीन वर्षांत वाट्या निकामी होत होत्या. झिजलेला चुरा तरी कुठे जाणार? शरीर त्याला परका समजून त्याच्याशी झगडत होते. सांध्याभोवती दह्यासारखा घट्ट पांढरट पदार्थ साठत होता, हाड पोखरले जात होते, सिमेंट सैल होत होते. ज्या पदार्थाला रसायने स्पर्श करू शकत नाहीत तो शरीरात निर्धोक असणार, हा समज धुळीस मिळाला. एकसंध टेफ्लॉन निर्धोक होते. त्याची भुकटी नव्हती.

टेफ्लॉनचे जे गुण तेच दोष, असे याचे मूळ आहे. त्याचे रेणू लांब, सरळ आणि गुळगुळीत. त्यांचे थर पत्त्यांच्या जुडीसारखे एकमेकांवरून सरकतात. म्हणून घर्षण कमी. पण जी जुडी सहज सरकते ती सहज विखुरतेही. भाराखाली टेफ्लॉनचे पापुद्रे सुटतात. कमी घर्षण म्हणजे कमी झीज नव्हे. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे पहिल्या तासाला शिकवले जाते. चार्नली यांना ते तीनशे माणसांच्या खुब्यांत शिकावे लागले.

त्यांनी रुग्णांना टाळले नाही. एकेकाला परत बोलावून, स्वतःच्या हातांनी वाटी काढून सांधा पुन्हा दुरुस्त करण्याचे काम त्यांनी पत्करले. ज्या शस्त्रक्रियेने नाव जगभर नेले तिचेच अपयश रोज टेबलावर उघडून पाहण्याची ही शिक्षा होती.

टेफ्लॉन टाकून द्यायचे की सुधारायचे? कारखान्यांनी या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधले होते, ते म्हणजे फिलर. टेफ्लॉनमध्ये मिसळायची दुसऱ्या पदार्थाची भर. काचेचे तंतू, कार्बन, ग्राफाइट, काशाची भुकटी असे काहीबाही टेफ्लॉनच्या पिठात मिसळून भाजले की तयार होणारा संमिश्र पदार्थ कोरड्या धारव्यांत, म्हणजे बेअरिंगमध्ये, शंभर-शंभर पटींनी कमी झिजतो. भरीचे कठीण कण भार पेलतात. पापुद्रा सुटू लागला की भेग कणाला अडून थांबते, त्यामुळे मोठ्या पापुद्र्यांऐवजी बारीक चुरा निघतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा चुरा समोरच्या धातूवर पातळ थर होऊन चिकटतो. धातूला जणू टेफ्लॉनचे सारवण होते. त्यानंतर टेफ्लॉन धातूवर नव्हे, टेफ्लॉनवरच घासत राहते.

चार्नली यांनी भर घातलेले टेफ्लॉन मागवले. राइटिंग्टनच्या झीजमापक यंत्रावर ते साध्या टेफ्लॉनच्या वीसपट टिकाऊ ठरले. वीसपट म्हणजे दोन वर्षांच्या जागी चाळीस वर्षे. रुग्णाचे उरलेले आयुष्य. वाट्या बसवल्या गेल्या. वर्षभरात त्या उघडून पाहायची वेळ आली तेव्हा शरीरातील झीज साध्या टेफ्लॉनएवढीच भरली. पृष्ठभाग लिबलिबीत, लगद्यासारखा झाला होता. त्याहून वाईट असे की भरीच्या कणांनी पॉलिश पेपरसारखे काम करून समोरचा पोलादी गोळाही घासला होता. यंत्राने दिलेला वीसपटीचा दाखला शरीराने एका वर्षात रद्द केला.

हे का घडले असावे, याचा उलगडा पुढील दशकांत घर्षणशास्त्राने केला, आणि या उलगड्याच्या मध्यभागी पाणी आहे. धातूवरील सारवण टिकले तरच भरीचा उपयोग. ओल्या भिंतीला रंग धरत नाही, तसे पाण्याखाली हे सारवण धातूला धरत नाही. सुटलेला चुरा पुन्हा चिकटण्याऐवजी वाहून जातो. सारवण गेले की भरीचे उघडे कण धातूला ओरबाडतात, आणि खरखरीत झालेला धातू उलट प्लास्टिक खातो. म्हणून कोरड्या धारव्यात पहिला आलेला पदार्थ पाण्यात शेवटून पहिला येऊ शकतो. शरीर तर सदैव ओले, खारट, प्रथिनांनी भरलेले आणि ३७ अंशांवर ठेवलेले.

ओलावा सर्वत्र शत्रूच असतो असे मात्र नाही, आणि यामुळेच हा विषय फसवा आहे. ग्राफाइटचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतील कार्बनचे ब्रश पाहता पाहता भुकटी होऊ लागले. जमिनीवर तेच ब्रश उत्तम चालत. कारण निघाले ते हवेतील बाष्पाचे. ग्राफाइटचा निसरडेपणा ग्राफाइटचा एकट्याचा नसून त्याच्या थरांच्या कडांवर बसणाऱ्या बाष्पाचाही असतो, आणि उंचावरच्या कोरड्या हवेत ते मिळत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे नेमके उलटे. ते अंतराळाच्या निर्वातात उत्तम आणि दमट हवेत खालावते. नायलॉन ओलाव्याने फुगते. टेफ्लॉनमध्ये ॲल्युमिनाचे अतिसूक्ष्म कण घातल्यास झीज हजार पटींनी कमी होते, असे फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी २००० च्या दशकात दाखवले. त्यातही पुढे असे दिसले की हवेतील बाष्पाची तिथे मदत होते, कारण तुटलेल्या रेणूंची टोके त्याच्या साहाय्याने धातूशी बांधली जातात. पण निर्वातात किंवा पाण्यात बुडवून घासल्यास ती किमया बरीचशी लोपते. थोडा दमटपणा हवा, बुडणे नको. भर कोणती, समोरचा धातू कोणता आणि हवा कशी, हे तिन्ही ठाऊक असल्याखेरीज अमुक पदार्थ किती टिकेल या प्रश्नाला उत्तरच नाही.

१९६२ च्या सुरुवातीला चार्नली यांच्यापाशी यातले फारसे काही नव्हते. त्यांच्यापाशी होते फसलेले टेफ्लॉन, फसलेली भर आणि परत येणारे रुग्ण.

त्या वर्षीच्या मे महिन्यात प्लास्टिकचे गिअर विकणारा एक सेल्समन राइटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. लँकेशायरच्या मागांसाठी हे गिअर वापरले जात. पदार्थ होता अतिउच्च रेणुभाराचे पॉलिइथिलिन. जर्मनीत बनणारा आणि अभियंत्यांतही फारसा परिचित नसलेला. क्रेव्हन यांनी एक तुकडा ठेवून घेतला. चार्नली यांनी त्यात अंगठ्याचे नख रोवून पाहिले आणि तो नापसंत केला. पॉलिइथिलिनचे घर्षण टेफ्लॉनपेक्षा जास्त. ज्या माणसाने आयुष्य कमी घर्षणावर लावले होते त्याला ते आवडावे तरी कसे? क्रेव्हन यांनी तरीही तो तुकडा यंत्रावर चढवला. रात्रंदिवस तीन आठवडे यंत्र चालले. एवढ्या काळातली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसातील झिजेएवढीही नव्हती. वरिष्ठाने नाकारलेली वस्तू यंत्रावर लावणारा तंत्रज्ञ मोठा, की आकडे पाहताच आपले मत मागे घेणारा वरिष्ठ मोठा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यंत्राने मात्र एकदा फसवले होते. आता केवळ त्याच्यावर विसंबणे शक्य नव्हते. चार्नली यांनी टेफ्लॉनची आणि नव्या पॉलिइथिलिनची बारीक भुकटी स्वतःच्या मांडीत, कातडीखाली घालून घेतली. नडगीचा अनुभव विसरले नव्हते, तरीही. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या गाठी हाताला स्पष्ट लागत होत्या, घातलेल्या भुकटीच्या जवळजवळ दुप्पट. पॉलिइथिलिनची जागा नीट चाचपताही येत नव्हती. १९६३ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले, इतर शल्यविशारदांनी टेफ्लॉन वापरू नये म्हणून.

त्याआधीच, नोव्हेंबर १९६२ मध्ये, पॉलिइथिलिनची पहिली वाटी बसली होती. ती वर्षाला एक-दोन दशांश मिलिमीटर झिजे. घर्षण किंचित वाढले, झीज कित्येक पटींनी घटली. गोळा लहान ठेवण्याचा पूर्वीचा हट्ट इथे कामी आला, कारण लहान गोळ्यामुळे ते वाढीव घर्षण सोसवले. घर्षण कमी करण्याच्या ध्यासातून निघालेल्या रचनेत अखेर अधिक घर्षणाचे प्लास्टिक बसले. शस्त्रक्रियेचे नाव मात्र कमी घर्षणाचेच राहिले.

यश हाती आल्यावर चार्नली यांनी केले ते फार थोडे लोक करतात. त्यांनी ते वाटले नाही. नवा सांधा सर्वांना विकण्यास त्यांनी वर्षानुवर्षे नकार दिला. राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या शल्यविशारदांनाच तो मिळे. यावरून त्यांना हेकट म्हणणारेही होते आणि त्यांचा स्वभाव सौम्य नव्हताच. रुग्णांकडून त्यांनी आणखी एक विलक्षण मागणी केली: मृत्यूनंतर हा सांधा परत द्यावा. बहुतेकांनी आनंदाने संमतिपत्रे लिहून दिली. यंत्रावर नव्हे तर माणसात, त्या ओल्या अंधारात दहा-पंधरा वर्षे फिरलेली वाटी किती झिजली, हे मोजण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

जंतुसंसर्गाशी त्यांनी दिलेली झुंज हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. गाळलेल्या हवेची बंदिस्त शस्त्रक्रिया खोली आणि शल्यविशारदांचा उच्छ्वास बाहेर खेचून घेणारे पोशाख यांमुळे संसर्गाचे प्रमाण सुमारे सात टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आत आले. मानसन्मानही ओळीने आले: १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ मध्ये सर ही पदवी. १९७२ ते १९७६ या काळात ते मँचेस्टर विद्यापीठात अस्थिशल्यशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७९ मध्ये त्यांचा बृहद्ग्रंथ आला. त्यात टेफ्लॉनची आणि फिलरची कहाणी त्यांनी गाळली नाही. यंत्राचा वीसपटीचा आकडा आणि शरीराने दिलेला निकाल दोन्ही नोंदवले.

फिलरचा मोह मात्र इतरांचा सुटला नव्हता, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. १९७० च्या दशकात अमेरिकेत पॉलिइथिलिनमध्येच कार्बनचे तंतू मिसळून सांधे बनवले गेले. कागदावर ते अधिक बळकट होते. रुग्णांत ते फसले आणि मागे पडले. पॉलिइथिलिनच्या चुऱ्यानेही कालांतराने हाड पोखरले जाते, हे १९८० च्या दशकापासून उमगत गेले. त्यावरचा उतारा १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला तो भरीविना. किरणोत्सर्गाने पॉलिइथिलिनचेच रेणू एकमेकांना आडवे बांधून. आज जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक खुबे बदलले जातात, आणि २००७ मध्ये लॅन्सेटमधील एका लेखाने या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रियेचा मान दिला.

सर जॉन चार्नली ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मँचेस्टर येथे निधन पावले. ते सत्तर वर्षांचे होते आणि शेवटपर्यंत काम करत होते. राइटिंग्टनला वाट्या परत येणे मात्र थांबले नाही. त्यांचे सहकारी व्रोब्लेव्स्की यांनी त्या एकेक करून मोजल्या आणि झीज किती झाली व कोणत्या दिशेने झाली, याचे आकडे १९८५ मध्ये प्रसिद्ध केले.